गजेंद्रभावोजींचे चांगले जंतू

मंगलाबाईंच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तो तुकडाही गेला. ऑपरेशन नीट झालं, भूकही परतली. पण खाल्लेलं अंगी लागेना. पोट ढोलासारखं फुगायचं, जुलाब व्हायचे, ब्लाऊज आत घेऊन घेऊन शिवणीला जागा उरली नाही.

लिंबायत वस्तीतल्या त्या घरात निदान करणाऱ्यांना तोटा नव्हता. धाकटे दीर गजेंद्र सचिन नावाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यात साड्यांच्या रंगाईवर सुपरवायझर, म्हणजे माणसाच्या आतड्यावर बोलायला पुरेसे लायक. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून ते चांगल्या जंतूंची पावडर विकायला लागले होते.

"वहिनी, तुमचे चांगले जंतू मेलेत. रोज दोन चमचे घ्या. वर केळी, दूध, तूप. जंतूंनाही खायला लागतं."

मंगलाबाईंनी घेतली. पोट आणखी फुगलं. गजेंद्र खूश झाले.

"बघा, कामाला लागले."

शेवटी मधुकरराव बायकोला घेऊन दवाखान्यात गेले आणि मेलेल्या जंतूंचं, पावडरीचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून नळीत फुंकर मारायला लावली आणि त्या श्वासाची तपासणी केली.

"मेलेत कुठले, भारंभार झालेत," त्या म्हणाल्या. "दोन आतड्यांमधली झडप ऑपरेशनमध्ये गेली, म्हणून खालचे जंतू वर चढलेत. तुमच्याआधी तेच जेवतात, आणि तूपही पचू देत नाहीत. ती पावडर बंद करा. जंतू कमी करायच्या गोळ्या देते, आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घ्यायची."

हळूहळू मंगलाबाईंचे गाल भरले. ते दिसताच गजेंद्रनी समाजाच्या हॉलमध्ये पावडरीचा कार्यक्रम ठेवला, वहिनींना पहिल्या खुर्चीत बसवलं आणि माईकवर म्हणाले, "नुसती काडी झाली होती यांची. आज बघा."

टाळ्या पडल्या. मंगलाबाईंनी उठून माईक मागितला.

"भावोजींची पावडर मी घेतली, तेव्हा आणखी वाळले. बंद करून डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, तेव्हा अशी झाले. कुणाला त्रास असेल तर आधी डॉक्टरकडे जा."

गजेंद्रनी हसून माईक परत घेतला.

"म्हणजे आपले जंतू किती दमदार, आलं ना लक्षात?"

डबे भराभर खपले. रांगेतल्या कलाबाईंना मंगलाबाईंनी अडवलं.

"मी काय बोलले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की," कलाबाई डबा पिशवीत टाकत म्हणाल्या. "पण तुम्ही दिसता किती छान."