कडूबाचा ब्रेकर

वरच्या रस्त्यावर काही उलटलं, पेटलं किंवा आदळलं, की खाली सोनखेड्यात जत्रा भरायची. वरचा रस्ता म्हणजे नवा द्रुतगती महामार्ग. तो सोनखेड्याच्या शिवारातून, भरावावरून गेला होता. त्यासाठी गावानं जमिनी दिल्या, पण गावाला त्या रस्त्यावर चढायला वाट नव्हती. एरवी वरून जाणाऱ्या कोणाला खाली गाव आहे हे ठाऊकही नसायचं. वर घोटाळा झाला, की मात्र सगळ्यांना सोनखेड्याची आठवण यायची.

त्या दिवशी सकाळीच तेलाचा टँकर आडवा झाला आणि सगळी वाहतूक खाली गावातून वळवली. कंटेनर, ट्रॅव्हल्स, कोंबड्यांच्या जाळ्या लादलेले टेम्पो आणि काचा वर केलेल्या गाड्या. त्या गाड्यांतली माणसं गावाकडं अशी बघायची, जणू गावानंच त्यांचा टँकर उलटवला होता.

सरपंच सोमेश्वर चौकात उभा होता. अंगात चकाकणारं नारिंगी जाकीट, तोंडात शिट्टी. शिट्टीमुळं गाड्या हलतात अशी त्याची समजूत होती. गाड्या हलत होत्या त्या पुढची गाडी हलली म्हणून. पण पुतण्या मोबाइलवर शूटिंग करत होता, त्यामुळं सोमेश्वर हात असे फिरवत होता की बघणाऱ्याला वाटावं, सगळा मराठवाडा ह्याच्या बोटावर चाललाय.

"सोड, सोड, सोड! ओ एम-एच वीस, पुढं घ्या!"

दूध डेअरीच्या ओट्यावर बसलेल्या कडूबानं हे बघितलं आणि बाजूला थुंकला.

कडूबाचं लक्ष सोमेश्वरकडं नव्हतंच. ते डेअरीसमोरच्या ब्रेकरकडं होतं. तो ब्रेकर कडूबानं स्वतः केलेला. मागच्या हिवाळ्यात असाच वरचा रस्ता बंद झाला होता आणि अशाच गाड्या गावात सोडल्या होत्या. कडूबाची बायको गोजरबाई दुधाची किटली घेऊन डेअरीकडं रस्ता ओलांडत होती. एक गाडी वळणावरून आली. चालवणारा मोबाइलमध्ये वाट शोधत होता. त्याला वाट सापडली आणि तो निघून गेला. गोजरबाई रस्त्यावर पडून राहिली. अँब्युलन्स आली ती त्याच रांगेत मागं अडकली, आणि पोचली तेव्हा तिचं काम उरलं नव्हतं.

त्यानंतर इथं ब्रेकर करा म्हणून कडूबा ग्रामपंचायतीत गेला, तालुक्याला गेला, जालन्याला बांधकामाच्या ऑफिसात गेला. सगळ्यांनी त्याला खुर्ची दिली. पंखासुद्धा लावला. पण रस्ता खात्याचा, अर्ज पंचायतीचा, ठराव ग्रामसभेचा आणि मेलेली बाई एकट्या कडूबाची, असं त्या कामाचं झालं. शेवटी त्यानं विहिरीच्या काठचा मुरूम बैलगाडीनं आणला, खाली दगड घातले, पाणी मारून धुमसानं ठोकला आणि वरून चुन्याचे पट्टे ओढले. गाव हसलं. बायको गेल्यापासून नानाचं डोकं फिरलं म्हणाले. कडूबा म्हणाला, "फिरलं तं फिरलं. तुमच्या मोटरसायकली हळू चालू द्या."

आणि आज त्या ब्रेकरपाशी प्रत्येक गाडी हळू होत होती. पोरं, बाया, म्हशी, सगळी तेवढ्यात पलीकडं जात होती.

गाड्या हळू होतात म्हटल्यावर गावाला अक्कल आली. ज्यांनी ब्रेकरला नावं ठेवली त्यांनीच त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं मांडली. कोणी चहा, कोणी पेरू, कोणी मक्याची कणसं. बेबीनंदानं दगडाची चूल मांडून भजे तळायला घेतले. सरपंचाची बायको दीपमाला पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स रचून खुर्ची टाकून बसली होती. चौकात नवरा शिट्टी फुंकत होता, इथं बायको बाटल्या खपवत होती. घराणं दोन्ही टोकांनी जनसेवा करत होतं.

दुपार कलली तेव्हा पोलीस जमादार बुलेटवरून आला. घामानं भिजलेला, चिडलेला.

"सरपंच, हे काय करून ठेवलं तुम्ही? रांग पार कॅनॉलच्या पुढं गेली! मागं साहेबांची गाडी अडकलीय. मला फोनवर फोन येऊन राह्यले."

"कोणते साहेब?" सोमेश्वरनं शिट्टी काढली.

"कोणते का असंना. लाल दिवा न्हाई, पण राग तेवढाच हाय. हा ढिगारा कोणाचा?"

सोमेश्वरनं लगेच कडूबाकडं बोट केलं. बोट करायला त्याला ठराव लागला नाही.

"ह्या नानाचा. बेकायदेशीर हाय, साहेब. मी किती डाव म्हणलो. माझ्या मेव्हण्याचा जेसीबी उभाच हाय, जल्दी साफ करून टाकू."

जेसीबी खरंच उभा होता. गावात कोणाचं काही पाडायचं असलं की तो कधी लांब नसायचा. खडखड करत तो ब्रेकरपाशी आला. कडूबा ओट्यावरून उठला, सावकाश चालत गेला आणि ब्रेकरच्या मधोमध मांडी घालून बसला. समोरच्या ट्रॅव्हल्सनं करकचून ब्रेक मारला आणि मागून हॉर्नचा गदारोळ उठला.

"नाना, उठा," जमादार म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला हात लावायची वेळ आणू नका."

"लावा की. हात लावायला तरी कोणी आलं. सात म्हैने वाट पाह्यली."

"अहो, तुमच्या ह्या ढिगाऱ्यानं अँब्युलन्स अडकली मंग? कोणाचा जीव गेला तर?"

"माझ्या बायकोची अडकली व्हती, जमादारसाहेब. तवा ढिगारा कुठं व्हता?"

जमादार वाईट माणूस नव्हता. त्याला फोन येत होते, एवढंच. त्यानं सोमेश्वरकडं बघितलं. सोमेश्वरनं मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हण्यानं जेसीबीचा पंजा ब्रेकरच्या एका टोकाला टेकवला. मुरूम कुरकुरला आणि एक लचका निघून बाजूला पडला.

कडूबानं आजूबाजूला पाहिलं. सगळा गाव उभा होता. त्यात गोजरबाईच्या हातचं ताक प्यालेले होते, तिच्याकडून उसना गूळ नेलेले होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं ते बेबीनंदानं. हातात तेलानं निथळणारा झारा घेऊन ती जेसीबीच्या पुढ्यात आली.

"ए दादा, थांब! ह्यो उखडला तं गाड्या सुसाट जातील, आन् माझं एवढं भिजवलेलं बेसन काय तुझा बाप खाईल?"

तिच्या बोलण्यानं गावाला एकदम वाचा फुटली. चहावाला म्हणाला, बराबर आहे, दूध तापवलंय. कणीसवाला म्हणाला, निखारे पेटवलेत. पेरूवाल्या भिवानं तर पाटीच जेसीबीपुढं ठेवली. आणि खुर्चीवरून दीपमालानं हाक मारली, "अहो, इकडं या जरा!"

सोमेश्वर गेला. दीपमाला हळू आवाजात बोलली. अर्ध्या गावानं ऐकलं. "गाडीभर बाटल्या उतरवल्यात मी. आज उखडायला सांगितलं ना, तर त्या सगळ्या तुम्हीच प्या."

सोमेश्वर परत आला तो दुसराच माणूस होऊन. त्यानं जाकीट नीट केलं आणि पुतण्याला मोबाइल वर धरायला सांगितलं.

"साहेब, हा गतिरोधक म्हणजे आमच्या गावाची भावना हाय. इथं आमच्या गोजरमावशीनं प्राण सोडला. जोवर मी सरपंच हाय, तोवर ह्याला बिलकुल धक्का लागू देणार न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हण्यानं पंजा वर घेतला. जमादारानं कपाळाला हात लावला आणि फोनवर कोणाला तरी सांगितलं, "पब्लिक भडकलंय सर, हळूहळूच यावं लागंल."

कडूबा तिथंच बसून होता. जे हवं होतं ते झालं होतं. गोजरबाईच्या नावानं जे झालं नाही ते बेसनाच्या नावानं झालं. आणि ह्यांना टाळ्या वाजवायला लाज वाटली नाही.

तो ओट्यावर येऊन बसला. बेबीनंदानं पेपराच्या तुकड्यावर भजे आणून समोर धरले.

"न्हाई पायजे," कडूबा म्हणाला. "ने. तिच्या जीवावर धंदा करा."

बेबीनंदा हलली नाही. "कडूबा भाऊ, ती पडली तवा कोण धावलं व्हतं?"

कडूबानं मान ब्रेकरकडं वळवली.

"मी धावले. लुगडं फाडून डोक्याला बांधलं तिच्या. मांडीवर घेऊन बसले. हे समदे वाकून वाकून पाहत व्हते. आज म्या भजे तळले तं मी बी त्यांच्यातलीच का? बेसनाचं म्हणले म्हणून ऐकलं त्यांनी. तिचं नाव घेतलं असतं तं आयकलं असतं का?"

"नसतं आयकलं."

"मंग?"

कडूबानं एक भजं उचललं. तोंड वाकडं करून खाल्लं. "मीठ कमी हाय," म्हणाला.

"जीभ कडू झालीय तुमची, मीठ बराबर हाय," म्हणून ती चुलीकडं पळाली.

साहेबांची काळी गाडी आली. इतरांसारखीच हळू झाली, चढली, उतरली. काच खाली झाली नाही. सोमेश्वरनं तिला दोन्ही हातांनी नमस्कार केला, तो काचेला लागून परत आला.

ऊन उतरायला लागलं तसं सोमेश्वरनं चार पोरं आणि मुरमाची ट्रॉली आणली. जेसीबीनं काढलेला लचका भरायला सांगितला, आणि वर आणखी वीतभर थर चढवायला.

"उंच करा रे चांगला! उद्याही वरचा रस्ता बंदच हाय म्हणतेत. गाड्या जाग्यावर थांबल्या पायजेत."

कडूबानं घरून फावडं आणलं. पोरांनी टाकलेला वरचा थर तो ओढून कडेला टाकायला लागला.

"नाना, हे काय लावलं?" सोमेश्वर म्हणाला. "तुमचाच ब्रेकर मोठा करून राह्यलो ना आपण!"

"मोठा न्हाई पायजे."

"कामून?"

"गाडीत पोटुशी बाई असंल, दवाखान्यात न्यायचा पेशंट असंल. त्यायची हाडं खिळखिळी करायला न्हाई केला म्या ह्यो. गाडी हळू झाली की बास. बाटल्या इकायच्या असतील तं खुर्ची घेऊन रस्त्यात बस."

पोरं फिदीफिदी हसली. सोमेश्वरनं पुतण्याकडं बघितलं. शूटिंग चालूच होतं. मग तो जाकिटाची चेन वरखाली करत चहाच्या दुकानाकडं गेला.

तुटलेलं टोक कडूबानं आधीच्या उंचीला आणलं आणि फावड्याच्या पाठीनं ठोकलं. मागं एका ट्रकवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला.

"थांब की मुडद्या," कडूबा मान वर न करता म्हणाला, आणि उरलेला मुरूम ओढायला लागला.