बाळंतिणीचं पाकट

लेकरू का रडतं हे आईला कळायला वेळ लागतो. गल्लीला लगेच कळतं. बडनेऱ्याच्या त्या रेल्वेवाल्यांच्या गल्लीत सत्यवतीबाईंची नवी नात रडली, आणि तिचा घसा बसायच्या आत आजूबाजूच्या घरांतून निकाल आला : आईला दूध नाही!

मंडळी, हा निकाल तुमच्याआमच्या घरातही कधी ना कधी लागलेला आहे. त्यावर अपील नसतं.

रागिणी ही सत्यवतीबाईंची सून. तिची आई लग्नाआधीच वारलेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सत्यवतीबाईंनी काही कमी केलं नव्हतं. डिंकाचे लाडू झाले, हळीवाची खीर झाली, शेपूची भाजी तर इतकी झाली की घरातले पुरुषही वासाने कावले. तरी पोरगी तोंड लावायची, जरा चोखायची आणि तोंड सुटताच किंचाळायची. मग बाटली यायची. वजन काही वाढेना. रागिणी भिंतीला टेकून खाली मान घालून बसायची, जणू दूध तिने कुठे लपवून ठेवलं आहे.

"अवं सत्यवती, पाकट दे तिले," शेजारच्या शकुनबाई दारातूनच म्हणाल्या. "माह्या साऱ्या सुनायले देल्लं म्या. दुधाचा पूर आला पूर!"

पाकट म्हणजे समुद्रातली सुपासारखी चपटी, चाबकासारख्या शेपटीची मासोळी. आता समुद्र कुठे आणि बडनेरा कुठे! आमच्याकडे खारं म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी. पण फार पूर्वी कोकणातल्या एका गार्डसाहेबांचं बिऱ्हाड या गल्लीत होतं. त्यांच्या बायकोने एका बाळंतिणीला सुक्या पाकटाचा रस्सा करून दिला, आणि त्या बाईला दूध उतरलं. ते रश्श्याने उतरलं की उतरणारच होतं, हे कोणी विचारलं नाही. गार्डसाहेब बदलून गेले, रस्सा राहिला. ज्या गल्लीने समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला, तिथे बाळंतपण म्हटलं की अकोल्याच्या बाजारातून सुकं पाकट यायचंच.

आणि गंमत अशी की सत्यवतीबाईंची लेक माया कोकणच्या किनाऱ्यावर याच मासोळीवर संशोधन करत होती. इतकी वर्षं त्या शिक्षणाचा घराला उपयोग काय, हे सत्यवतीबाईंना उमगलं नव्हतं. आज उमगलं. त्यांनी हर्षाने फोन लावला.

"माया, भाचीले पाहाले येशीन त येताना पाकट आनजो."

माया म्हणाली, "आई, त्याले वाचवाचं काम करून राहिली ना मी!"

"त एखादं कमी वाचव, माय! भावजयीसाठी!"

माया आली ती पाकटाशिवाय. एक बर्फाचा डबा मात्र होता. सत्यवतीबाईंनी आशेने झाकण उघडलं, तर आत बोटाएवढ्या नळ्या, आणि नळीत नखाएवढा तुकडा.

"एवढुसं?" त्या हताश झाल्या. "याचा रस्सा कसा होईन?"

"आई! ते पुढं प्रयोगशाळेत तपासाले न्याचं आहे. पंखाच्या कडेचा चिमटीभर तुकडा घेतो आन मासोळी पाण्यात सोडून देतो. त्यावरून कळते, कोण कोणाच्या नात्यातलं."

"मासोळ्यायचं नातं पाहून काय लग्न जमवतं काय वं?" देवानंदराव खुर्चीतून म्हणाले. ते मायाचे वडील, रेल्वेत गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन, आता निवृत्त.

"तेच त पाहतो बाबा. जमतच नाही. लोकायले वाटते, समुद्र मोठा आहे, इथलं पाकट संपलं त तिथलं येईल. पण आम्ही पाहतो त्या खाडीत बाहेरचं पाकट जवळपास येतच नाही. आहेत ती सारी एकमेकायची सख्खीचुलत. ती संपली त त्यायच्या जागी कोणी येणार नाही."

देवानंदरावांनी चष्मा काढला. "म्हंजे सारा समुद्र म्हंजे काही जंक्शन नाई."

"नाही."

"आडबाजूचं स्टेशन. तिथं बाहेरची गाडीच लागत नाई. हाये तेवढेच डबे."

"हो बाबा!" मायाचे डोळे चमकले. हे वाक्य तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

सत्यवतीबाईंच्या डोक्यात मात्र गाड्या, डबे, पाकटं आणि नाती यांचा गोंधळ माजला. त्यांना एवढंच कळलं की मासोळ्यांचं खरं असेल, पण आतल्या खोलीत नात रडते आहे. "तुह्या खाडीचं मले पटलं," त्या म्हणाल्या, "पण ही पोरगी उपाशी आहे, तिचं काय? पाकटानं दूध येते का नाई, एवढं सांग."

"मले माहीत नाही."

"एवढी शिकली आन माहीत नाई?"

"खरंच माहीत नाही, आई. माझं शिक्षण मासोळीचं आहे, लेकराचं नाही."

आता काय करावं? लेक म्हणते माहीत नाही, शकुन म्हणते पूर येतो. ज्याला माहीत आहे त्याचं ऐकावं, असं कोणालाही वाटेल. सत्यवतीबाईंनी मुलाला, रागिणीच्या नवऱ्याला, कुंदनला फोन केला : येताना सुकं पाकट आण. तो नोकरीसाठी रोज अकोल्याला जाऊन-येऊन करायचा.

दिवेलागणीला कुंदन आला. हातात वर्तमानपत्राचं पुडकं. मागोमाग शकुनबाईही आल्या. औषध आपलं, तर पाहायला आपण नको?

"दुकानदार म्हणे, खास माल आहे," कुंदन म्हणाला. "तुकडे नाई, आख्खंच आहे. कवळं."

रागिणी भिंतीला टेकून बसली होती, तिच्यासमोरच पुडकं उघडलं. आत तळहाताएवढं, मिठाने पांढुरकं झालेलं काहीतरी होतं. पातळ शेपूट. अंगाभोवती दोन्ही बाजूंनी गुंडाळलेले पंख, जसं थंडीत लेकरू दुपट्यात गुंडाळावं.

"वा! कवळं म्हंजे लवकर शिजते," शकुनबाई म्हणाल्या.

मायाने ते पिल्लू हातावर घेतलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काय झालं वं?" सत्यवतीबाई घाबरल्या. "खराब निघालं काय?"

"आई, हे जन्मलेलं नाही."

"म्हंजे?"

"आईच्या पोटात जागा नसते, म्हणून पंख असे गुंडाळलेले राहतात. बाहेर आलं की उघडतात. याचे उघडलेच नाहीत." माया शकुनबाईंकडे वळली. "मावशी, पाकट बाहेर अंडी घालत नाही. बाईसारखं पोटात वाढवते. पिल्लं थोडीच होतात, पण त्यायले पोटातच पाजते. खरंच पाजते, दुधासारखं, पांढरं. अशी दिवस भरत आलेली मादी जाळ्यात आली की घाबरून कधीकधी तिथंच पिल्लं टाकते. त्यातलंच हे असेल. नाहीतर आईचं पोट फाडून काढलेलं."

"म्हंजे..." सत्यवतीबाई पिल्लाकडे पाहत म्हणाल्या. "म्हंजे बाळंतिणीले दूध यावं म्हणून आपण दुसऱ्या लेकुरवाळीले..." अरे देवा, हे काय करत आलो आपण! कुणाच्या पोटचं आणून कुणाच्या पोटात घालतो आहोत!

"आमी का जाणून केलं काय?" शकुनबाई कळवळून म्हणाल्या. "माह्या सुनायले त दूध आलं होतं ना!"

"आलं असेल, मावशी. तुम्ही त्यायले बसून गरम-गरम खाऊ घातलं, निजू दिलं. त्यानंही आलं असेल."

"मंग इले काहून येत नाई?" सत्यवतीबाई रडकुंडीला आल्या. "हे शिजवू नको म्हणतं, बरं. पण मी काय करू, ते त सांग कोनी!"

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. "मले कोनी विचारलं काय?"

सगळे वळले. रागिणी बोलत होती. इतक्या दिवसांत ती 'हो' आणि 'बरं' याशिवाय काही बोललेली कोणी ऐकलं नव्हतं.

"मले दुखते, आई. ती तोंडात घेते तवा जीव जाते. छातीले चिरा पडल्या. म्हणून मी तिले लवकर काढतो, आन तुमी बाटली देता. सांगाची लाज वाटे. सारे म्हणत, हिले दूधच नाई. मले वाटलं, खरंच नसन."

सत्यवतीबाई सुनेजवळ जाऊन बसल्या. लाडू दिले, खीर दिली, शेपू दिली, समुद्रातून पिल्लू आणवलं. आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या पोरीला एक प्रश्न विचारला नाही! आईविना पोर. ती कोणाजवळ बोलणार होती?

दुसऱ्या दिवशी सासू-सून रिक्षाने दवाखान्यात गेल्या. तिथल्या सिस्टरांनी बाळाचं वजन केलं, रागिणीला तपासलं आणि शेजारी बसून दाखवलं : लेकरू पोटाशी असं घ्यायचं, तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं टोक द्यायचं नाही. "जितकं ओढंल तितकं दूध बनते, आजीबाई. बाटलीनं पोट भरलं त ते कशाले ओढंल? बाटली कशी कमी करत न्यायची ते मी सांगते. आन वजनाले आणत राहा." पोरीने या खेपेला किंचाळल्याशिवाय तोंड लावलं. रागिणीने दात आवळले, मग हळूहळू सोडले. पूर वगैरे काही आला नाही. पण पोरगी गिळते आहे, हे सत्यवतीबाईंना कानांनी ऐकू आलं, आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

राहिलं ते पुडकं. शिजवायचं तर नाहीच. फेकायला हात होईना. शकुनबाई म्हणाल्या, पुरून टाकू. सत्यवतीबाईंनी विचार केला, आणि माया निघाली तेव्हा ते तिच्याच हातात दिलं.

"तुही ती नळी असते ना, त्यात याचं पाह्य. कोनत्या खाडीचं, कोनाच्या घरचं."

"सुकलेलं आहे, आई. मीठ लागलेलं. कळेलच असं नाही."

"पाह्य त खरं. आन कळलं त मले फोन करजो. त्याच्या गावाकडं कोनी उरलं का, तेही सांगजो."

मंडळी, सगळा उलगडा झाला असं मी म्हणणार नाही. शकुनबाईंना अजून वाटतं की रश्श्यात काहीतरी होतं. सत्यवतीबाईंना समुद्राचं गणित अजून पुरतं कळलेलं नाही. पण त्या गल्लीत आता कोणी बाळंत झालं की त्या आधी जाऊन तिच्याजवळ बसतात आणि विचारतात, "तुले काय होऊन राहिलं, माय?" एवढं तरी आपल्याला जमायला हवं. आईसाठी औषध शोधत निघण्याआधी आईला विचारावं. आणि जो समुद्र आपण पाहिलाही नाही, तोही आपल्या चुलीवरच्या पातेल्यातून रिकामा होऊ शकतो, हे लक्षात ठेवावं. तिथेही कुणीतरी आई आहे, आणि तिच्या जागी यायला दुसरं कोणी नाही.