बाहेरची कडी

सुताराजवळ प्रमाणपत्र होतं, पण ते तुरुंगातल्या कारखान्यात शिकून मिळालंय, असं त्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मागच्या मालकाला हे दुसऱ्याकडून कळलं, तेव्हा त्यानं उभ्या उभ्या घरची वाट दाखवली होती. म्हणून या नव्या मालकाला पहिल्याच दिवशी आपण होऊन सांगायचं, असं सुतारानं ठरवलं होतं. सकाळपासून शब्द ओठांवर येऊन परत जात होते.

काम साधंच होतं. एका काकूंच्या झोपायच्या खोलीला कडी बसवायची होती. त्यानं ती अगदी झोकात बसवली. काकूंनी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो मिस्त्री, ही तर बाहेरून लावलीत! मला कोंडून ठेवायचंय की काय?"

सुतार गारठला. शिकताना त्यानं बसवलेली प्रत्येक कडी बाहेरूनच होती. हाताला दुसरी बाजू ठाऊकच नव्हती.

काम बघायला सोबत आलेला मालक खो खो हसला. "कुठं शिकलास रे बाबा? तुरुंगात?"

"हो," सुतार म्हणाला. "तिथंच शिकलो."

दोघं आणखीच हसली.

"बघा काकू, दिसतो गरीब गाय, पण गडी मिश्कील आहे! उद्यापासून कायमचा ये रे."

सुतारही हसला आणि कडी काढू लागला. एकदा हसण्यावारी गेलेली गोष्ट पुन्हा कोणत्या तोंडानं सांगायची, हे विचारायलाही त्याला कुणी नव्हतं.