कामकाजातून काढून टाकलेले वाक्य

मोठ्या बाईंनी आयुष्यात गप्प बसण्याचे वचन एकदाच दिले, आणि तेही नातीला. नातीला घरात सगळे मुंगी म्हणत. अडतीस वर्षे मुख्याध्यापिका राहिलेल्या आजीला निवृत्तीनंतरही सारी गल्ली ‘मोठ्या बाई’ म्हणे. घरच्यांचीही, एक मुंगी सोडली, तर दुसरे काही म्हणण्याची छाती नव्हती.

वचनाचे कारण लाल शाईत होते. मुंगीच्या मागच्या प्रकल्पावर वर्गशिक्षिकेने लिहिले होते, ‘आजींना दहापैकी नऊ. तुला शून्य.’ आताचा विषय होता कायदेमंडळ. सभागृहात जायचे, विधेयकाचे काय होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचे. पुन्हा शून्य मिळाले, तर मुंगीची सारी सुट्टी शाळेत जाणार होती.

“आजी, तू फक्त सोबत यायचंस. एक अक्षर बोलायचं नाही.”

“मला काय वेड लागलंय बोलायला?”

“शपथ घे.”

“मी शपथा घेत नाही. शब्द देते.”

दारावरच्या रक्षकाने मोठ्या बाईंची छत्री काढून घेतली आणि प्रेक्षक गॅलरीचे नियम ऐकवले. बोलायचे नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हातवारे करायचे नाहीत.

“आणि हसू आलं तर?” मुंगीने विचारले.

“खोकायचं. आम्ही सगळे तेच करतो.”

खाली सभागृहात बागेतल्या बाकांचे विधेयक चालू होते. प्रत्येक बाकाला पाठ असावी, असे डावीकडच्यांचे म्हणणे. पाठ दिली की लोक उठायचे नाव घेत नाहीत, असे उजवीकडच्यांचे.

“पाठीला विरोध म्हणजे म्हाताऱ्यांना विरोध!”

“तुमच्या पक्षाला कणा नाही, म्हणून बाकाला पाठ हवी!”

बघता बघता रण माजले. एक टकले सदस्य आसनावर उभे राहिले. मागच्या रांगेतले दोघे टेबलाखालून गोळ्या वाटून खाऊ लागले. अध्यक्ष बिचारे घंटा बडवत होते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हते. मोठ्या बाईंचा उजवा पाय आपोआप जमिनीवर आपटू लागला. मुंगीने त्यांचा गुडघा दाबून धरला. बाईंनी डोळे मिटले, ओठ आवळले, आकडे मोजले. नेमक्या सतराव्या आकड्याला विधेयकाच्या प्रतीचे विमान त्यांच्या चष्म्यावर येऊन आदळले.

“खाली बसा! हाताची घडी, तोंडावर बोट!”

क्षणार्धात अवघे सभागृह खाली बसले. डावे बसले, उजवे बसले, टकले सदस्य आसनावरून उतरून बसले. सगळ्यांच्या हाताची घडी, सगळ्यांच्या तोंडावर बोट, अध्यक्षांच्यासुद्धा. गोळ्या खाणाऱ्यांनी गोळ्या न चावता गिळल्या. त्या शांततेत उद्यानमंत्र्यांनी हळूच करंगळी वर केली.

“जा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पळू नकोस.”

रक्षक प्रचंड खोकत आला आणि दोघींना बाहेर घेऊन गेला.

दार बंद झाले तशी मुंगी रडू लागली. “शब्द दिला होतास! आता मतदान कसं बघू? शून्यच मिळणार मला!”

चूक झाली, हे वाक्य मोठ्या बाईंनी हजारो मुलांकडून वदवून घेतले होते. स्वतः म्हणायचा प्रसंग कधी आला नव्हता. त्यांनी घसा साफ केला, चष्मा पुसला, पुन्हा घसा साफ केला.

“चुकलं माझं,” त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या.

तेवढ्यात सभागृहातली लघुलेखिका आपली पाळी संपवून बाहेर आली. “विधेयक चार मिनिटांत मंजूर झालं हो!” ती म्हणाली. “तुमचं वाक्य मात्र अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकायला लावलं.”

“माझं? वाक्य?” मोठ्या बाई एक पाऊल पुढे सरसावल्या. “त्याला म्हणावं, बाहेर ये!”

मुंगीने डोळे पुसून वही काढली. “का काढलं?”

“निवडून न आलेल्या माणसाचं बोलणं नोंदीत ठेवत नाहीत.”

“आणि नंतर सगळे गप्प बसले, ते?”

लघुलेखिकेने कागद चाळले. “ते आहे की. ‘सभागृहात शांतता.’ ती काढा, असं कुणी म्हणालं नाही.”

त्या संध्याकाळी मुंगी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसली. पहिल्याच ओळीला मोठ्या बाईंचा हात पेन्सिलीकडे सरकला.

“आजी. घडी.”

मोठ्या बाईंनी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवले आणि दीड तास तशाच बसून राहिल्या. मुंगीने लिहिले, ‘मी मतदान पाहिले नाही, कारण माझ्या आजीला बाहेर काढले. पण तिला कुणी निवडून दिले नव्हते, तरी सगळ्यांनी ऐकले. हे बरोबर की चूक, ते मला अजून कळलेले नाही.’

आठवड्याने वही परत आली. ‘मुंगीला दहापैकी नऊ. आजींना शून्य.’

मोठ्या बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, छत्री उचलली आणि चपला घालू लागल्या.

“कुठे निघालीस?”

“शाळेत. तुझा एक गुण का कापला, ते विचारायला.”

“आजी!”

मोठ्या बाई दारातच थांबल्या. मग छत्री काखेत धरली आणि निमूटपणे हाताची घडी घातली.