टोवेच्या बाबागाडीला अकरा हजार बदाम

नगरपालिकेनं ठरवलं की पाचही शाखा-वाचनालयांनी आठवडाभर रोज एक फोटो इंटरनेटवर टाकायचा. शुक्रवारपर्यंत ज्याच्या फोटोला सगळ्यांत जास्त लाल बदाम मिळतील ते वाचनालय राहील. बाकीची चार बंद.

आमच्या ग्रंथपाल बोदिलनं ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं. मी बाळंतपणाच्या रजेवर होते. माझी तान्ही टोवे इथल्या पद्धतीप्रमाणे बाहेर थंडीत बाबागाडीत छान झोपली की आत वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर मला वहीत लिहायला एक तास मिळायचा. दिवसातला तेवढाच माझा.

"चेहरा हवा, निळा रंग हवा आणि काहीतरी खायचं हवं," नगरपालिकेचा सल्लागार पाल्ले सांगून गेला होता.

म्हणून पहिल्या दिवशी फोटोत बोदिल. निळा स्वेटर, हातात दालचिनीचा रोल.

"अगं, हस ना," मी म्हटलं.

"हसतेच आहे."

"याला हसणं म्हणतात?"

"लग्नातसुद्धा मी एवढी हसले नव्हते."

चार बदाम. त्यातला एक तिचा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं रंगांप्रमाणे लावली. सहा बदाम, आणि रोज येणाऱ्या म्हाताऱ्या एन्यारची तक्रार की त्याचं मधमाश्यांचं पुस्तक कुठे गेलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या ओल्या बोटानं चुकून एक फोटो गेला. राखाडी भिंत, भुरभुरता बर्फ आणि टोवेच्या गाडीचं अर्धं चाक. संध्याकाळपर्यंत अकरा हजार!

का, ते कुणालाच सांगता येईना. पाल्लेनं येऊन चाकापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं आणि गंभीरपणे मान हलवली.

गुरुवारी थेट ऑर्हूस शहरातून माणसं आली. चाळीस जण गाडीभोवती कुजबुजत उभे. वाचनालयात कुणीच शिरेना, कारण दार करकरतं. मी टोवेला घ्यायला गेले तर एका दाढीवाल्यानं अडवलं.

"शू! बाळ झोपलंय."

"माझंच आहे."

"मग तर तुला कळायला हवं!"

कशीबशी तिला शालीत गुंडाळून घरी नेली. गाडी मात्र त्यांनी हलवू दिली नाही. रिकाम्या गाडीकडे ते तसेच मायेनं बघत राहिले.

शुक्रवारी पाल्लेनं पायरीवर उभं राहून निकाल कुजबुजला. "जिंकलात. वाचनालय कायम. फक्त दार उघडायचं नाही."

"म्हणजे बंदच की," बोदिल म्हणाली.

"छे, छे. चालूच. बंद दारानं."

 बोदिल मागच्या बाजूला गेली आणि खिडकी ढकलून आत चढली. पाठोपाठ ब्याऐंशी वर्षांचा एन्यार, बुडाला माझ्या खांद्याचा टेकू घेऊन. मग मी टोवेला आत बोदिलकडे दिलं आणि स्वतः चढले.

"बूट काढा आधी," बोदिल ओरडली.

मी टेबलाशी बसले, वही उघडली, आणि टोवेनं भोकाड पसरलं. झालं, गेला तास, असं मनात आलं, तेवढ्यात भिंतीपलीकडून चाळीस जणांनी एकदम केलं, "शूऽऽऽ!"

टोवे दचकून गप्प झाली. बोदिलच्या निळ्या स्वेटरमध्ये तिनं नाक खुपसलं आणि हळूहळू डोळे मिटले. मी लिहायला लागले.