उसनी साक्ष

सन १९२८ मधली ही गोष्ट. त्या साली पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, एप्रिलच्या आठ तारखेला आला होता आणि सोलापुरात सकाळी नऊलाच पत्रे तापू लागले होते.

मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगातून त्या वर्षी पाच मुली मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, घ्यायच्या होत्या. बाप्तिस्मा झाला म्हणून लगेच प्रभुभोजनाची भाकर हातात पडत नसे. सोळावं लागलं की पाळकांपुढे आणि मंडळीच्या दोन वडीलधाऱ्यांपुढे बसून साक्ष द्यावी लागे. प्रभू तुला कधी भेटला, कसा भेटला, ते आपल्या शब्दांत सांगायचं. साक्ष पटली तर सणाच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून पुढच्या सतरंजीवर बसायचं.

रिबका त्या पाचांतली एक. आणि तिच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं.

तिचे वडील वळसंगला मिशनच्या शाळेत मास्तर होते. प्लेगच्या साली सगळं गाव रानात पळालं, ते एकटे तापाने फणफणत झोपडीत पडले होते आणि तिथे त्यांना प्रभूची हाक आली. त्यांची ही साक्ष तालुकाभर माहीत होती. रिबकाला मात्र हाक यायला प्रभू कधी लांब गेलाच नव्हता. तिला दातही आले नव्हते तेव्हापासून आई जेवणाआधी तिचे डोळे हाताने मिटत असे. घरात मीठ असतं तसा तो होता. मीठ पहिल्यांदा कधी भेटलं, हे कुणी कसं सांगावं?

बोर्डिंगात पहाटे चारला घंटा होई. लांब पडवीत सहा जाती ओळीने मांडलेली, एकेका जात्याला दोघी. रिबकाच्या समोर अक्कलकोटकडची महादेवी बसे. तिच्या बापाने तीन वर्षांपूर्वी लेकीसह बाप्तिस्मा घेतला होता. तिची मराठी कानडीच्या वळणाने चाले आणि मुली तिला हसत, म्हणून ती जात्यावर सोडून फारशी बोलत नसे. खुंटा फिरू लागे, कोमट पिठाचा वास वर येई, गिरणीचा पहिला भोंगा लांबून वाजे, आणि त्या अर्धवट उजेडात दोघींना आपण जाग्या आहोत की झोपेत, ते कळेनासं होई. ओवी कुणी सुरू केली आणि कुणी संपवली, हेही कळत नसे.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या केराबाई कंदील घेऊन फिरत. "रिबके, खुंटा तुझ्या हातात हाय का तू खुंट्याच्या हातात? जोंधळं अख्खंच खाली पडाय लागलंय. पाळकाला अख्ख्या दाण्याची भाकर देणार हायस व्हय?"

अशाच एका पहाटे महादेवीने तिला स्वप्न सांगितलं. ती जोंधळ्याच्या ताटांत हरवली होती. वर फक्त कणसं, वाट दिसेना. मग एक माणूस खांद्यावर पाण्याची पखाल घेऊन आला, त्याने तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. तोंड तिला दिसलं नाही. पाय दिसले. तिच्या बापाच्या पायांना होत्या तशा त्या टाचांना भेगा होत्या.

"आनि तो कानडीत बोलला, गं. पोरी, चल म्हनला," महादेवी म्हणाली. "कुनाला सांगू नको. हसतील. पाळकास्नी सांगनार हाय मी."

बुधवारी साक्षी झाल्या. रिबकाला पहिलं बोलावलं. पाळक गंगाधरराव मऊ बोलणारे, पण वाट पाहणारे. त्यांनी विचारलं आणि ते थांबले. कोपऱ्यात माठ पाझरत होता. रिबकाला दिसत होते ते बाबा, शनिवारी रात्री गाडी जोडणारे. आणि आई, ट्रंकेतून पांढरं लुगडं काढून वाऱ्यावर टाकणारी. तिने तोंड उघडलं. आधी जोंधळ्याचं शेत आलं, मग पखाल, मग भेगा पडलेल्या टाचा. तो मराठीत बोलला, एवढाच फरक. तिने इतकं चांगलं सांगितलं की एका वडीलधाऱ्यांनी उपरण्याने डोळे टिपले.

महादेवी दारापाशीच पाळीची वाट बघत बसली होती. तिने सगळं ऐकलं. ती आत गेली तेव्हा रिबकाचा पाय उंबऱ्यातून हलेना.

"न्हाय जी," महादेवीचा आवाज आला. "मला काय सांगायचं न्हाय."

"काहीच नाही?"

"न्हाय."

"बरं, घाई नाही," पाळक म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

गुरुवारी पहाटे महादेवी रोजच्यासारखी जात्यावर बसली. शुक्रवारीही. तिने एक शब्द विचारला नाही. जातं मात्र असं जड झालं, जसं खाली कुणी धरून ठेवलंय. शनिवारी केराबाईंनी सुपात गहू आणून ठेवला. प्रभुभोजनाच्या भाकरीचा गहू वर्षातून दोन-तीनदाच येई.

"तुमी दोघी दळा. तुमचं पीठ बारीक पडतं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या जात्याकडे वळल्या.

गव्हाचा वास निराळा, गोडसर. थोडा वेळ नुसती घरघर चालली. मग रिबकाने खाली बघतच विचारलं, "तू का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलं की. लई छान सांगितलं."

"ते तुझं होतं."

महादेवीने पुढची मूठ घातली. "दोघींनी तेच सांगितलं असतं, तर एक खोटी ठरली असती. कोन ठरली असती, सांग बघू. तू मास्तरांची लेक. मला तर धड बोलता येत न्हाय." मग जरा वेळाने, "तुझं बा गाडी करून येनार. माझा बा काय येत न्हाय. त्याला कळनार बी न्हाय."

रिबकाने खुंटा सोडला. कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात तसेच घेऊन ती आवारातून चालत गेली. केराबाई मागून काहीतरी ओरडल्या, ते तिला ऐकू आलं नाही. पाळकांच्या बंगल्यासमोर लिंबाखाली एक गाडी सुटलेली होती. बैल ओळखीचे होते. आईला घेऊन बाबा एक रात्र आधीच निघाले होते आणि ओट्यावर पाळकांबरोबर चहा पीत बसले होते.

परत फिरावं असं तिला वाटलं. पण पाय थांबले नाहीत. तिने दोघांसमोर सगळं सांगितलं, वर न बघता.

गंगाधररावांनी विचारलं, "मग तुझी साक्ष कोणती?"

"मला कधी काही दिसलं नाही, पाळकसाहेब. मी नुसती दळते." ती अडली. "दळताना कधी कधी, झोप डोळ्यांवर असते तेव्हा, वाटतं की आम्ही दोघीच नाही. तिसरा हात आहे खुंट्यावर. दिसत नाही, पण जातं हलकं होतं. आता तीन दिवस होत नाही."

"हेच बुधवारी का नाही सांगितलंस?"

"ही काय साक्ष झाली?"

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा रिबकाने त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. रागाचा नव्हता तो, एकदम म्हाताऱ्या माणसाचा होता.

"पाळकसाहेब, हिला यंदा घेऊ नका," ते म्हणाले. "त्या पोरीला बोलवा."

महादेवी आली. गंगाधररावांनी तिला कानडीत सांगायला सांगितलं. त्यांना त्यातलं निम्मं कळलं असेल, पण ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी उपासनेत आईने रिबकासाठी ट्रंकेतून आणलेलं पांढरं लुगडं महादेवी नेसली. ते तिला आखूड झालं. बाबांची जागा पुढे, मास्तरांच्या ओळीत होती, पण ते मागे, लेकीशेजारी येऊन बसले. भाकरीचं ताट आलं तेव्हा त्यांनी तुकडा घेतला. रिबकाने हात मांडीवरच ठेवले. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि तिला खूप दिवसांनी स्वस्थ झोप लागल्यासारखं वाटत होतं.

रिबकाला पुढच्या साली मंडळीत घेतलं. तिने साक्षीत चारच वाक्यं सांगितली. पुढे ट्रेनिंग करून ती वडिलांच्या शाळेत मास्तरीण झाली आणि बत्तीस वर्षं तिने वळसंगच्या पोरांना बाराखडी शिकवली. मास्तरांची दृष्टी उतारवयात गेली. शेवटची काही वर्षं तीच त्यांना वाचून दाखवी. आई त्यांच्या मागे वर्षभरातच गेली. गंगाधररावांची बदली नगरकडे झाली आणि ते तिकडेच वारले. केराबाई बोर्डिंगातच राहिल्या. दळणाची गिरणी आली तेव्हा त्या चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी त्यांनी पीठ चिमटीत घेऊन बघितलं आणि जाड आहे म्हणून परत पाठवलं.

महादेवी नर्सिंग शिकून अक्कलकोटकडे गेली आणि गावोगाव बाळंतपणं करीत फिरली. १९६२ साली ती गेली. रिबका तिच्या मातीला गेली, तेव्हा जमलेल्या बाया सगळ्या कानडी बोलत होत्या. रिबकाला त्यातलं थोडंच कळलं. प्रत्येक जणी आपल्या पोराला पुढे करून, हा तिच्या हातावर जन्मला, एवढं तिला खुणेने सांगत होती.