मिस्त्रींच्या फाइलची झडती

सूनबाईने एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं, हे कार्यशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. कृत्रिम पाय बनवायची ती कार्यशाळा. प्लास्टरची पांढरी धूळ खुर्च्यांवर, खिडक्यांवर, अगदी चहाच्या कपातसुद्धा. ती मिस्त्रींची सून, म्हणून तिथल्या सगळ्यांचीच सूनबाई. आणि मिस्त्री म्हणजे तिचे सासरे. त्यांनी उभा जन्म लोकांना पाय बसवण्यात घालवला आणि मध्येच कधीतरी, कुणी सांगितलं नसताना, स्वतः शिकून कॉम्प्युटरवर एक डेटाबेस उभा केला. कुणाला कुठला पाय बसवला, माप काय, परत कधी बोलवायचं, सगळं त्या एका फाइलीत. दर सोमवारी फाइल यादी काढायची आणि फोनवर बसणारी ताई यादीतल्या एकेकाला बोलावून घ्यायची.

मोठ्या माणसांचं ठीक आहे हो, त्यांचा पाय बरीच वर्षं टिकतो. पण पोरं वाढतात. पोराचा स्वतःचा पाय वाढतो, प्लास्टिकचा कसा वाढणार? तो वेळेवर बदलला नाही तर पोर एका बाजूला कलून चालायला लागतं आणि मग कंबरेची, पाठीची वाट लागते. मिस्त्रींच्या फाइलीने आजवर एकाही पोराला तसं होऊ दिलं नव्हतं, ही गोष्ट कुणी नाकारत नव्हतं.

आणि अशात मुख्य कार्यालयाचं फर्मान आलं, की वर्षअखेर सगळ्या शाखांची कामं नव्या प्रणालीवर जाणार. तिथून आलेला कॉम्प्युटरवाला सरळ माणूस होता. त्याने आडपडदा ठेवला नाही.

"तुमची फाइल काय काय करते ते लिहून द्या. जे लिहिलेलं असेल ते नव्यात बसवतो. नसेल ते राहिलं."

"म्हणजे पोरांची बोलावणीसुद्धा?" सूनबाईने विचारलं.

"लिहिलेलं नसेल तर तीसुद्धा."

लिहिलेलं काय होतं? काडीचंही नव्हतं. होतं ते मिस्त्रींच्या डोक्यात. आणि मिस्त्री म्हणत, "मी आहे ना? मला विचारा की!" विचारायला गेलं तर एक प्रश्न विचारावा आणि प्लास्टिक तापवायची भट्टी कशी विकत आणली इथपासून कथा सुरू व्हावी. सूनबाईने वही घेऊन दोनदा प्रयत्न केला आणि हात टेकले. मग तिने ठरवलं, माणूस सांगत नसेल तर फाइललाच बोलतं करायचं.

तिने एक ॲड-इन मागवलं. डेटाबेसला जोडायचं एक अवजार म्हणा ना. ते फाइल आतून उघडतं, टेबलं, फॉर्म, कोड, क्वेऱ्या म्हणजे फाइलीतून नावं शोधून काढणारे ठरीव प्रश्न, सगळं वाचून काढतं आणि अहवाल देतं: काय आहे, कशाचा कशाशी संबंध आहे, कुठे चुका आहेत आणि काय नुसतंच पडून आहे. बटण दाबलं आणि प्रिंटरमधून कागदांची रांग लागली. मिस्त्री हाताची घडी घालून मागे उभे होते.

"माझ्या फाइलीची झडती घेतेस होय गं?"

"झडती कसली बाबा? नोंद करतेय."

"नोंद म्हणे!" त्यांनी एक कागद उचलून नाकाशी धरला. "इथे चूक, तिथे सुधारणा सुचवलीय. या चोंबड्याने आयुष्यात एक तरी पाय बसवलाय का?"

खरी बोच दुसरीच होती. अहवालात प्रत्येक वस्तूपुढे, म्हणजे एकेका टेबल-फॉर्म-क्वेरीपुढे, 'वर्णन' असा रकाना होता आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो कोरा होता. मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी जेवताना त्यांनी सुनेशी अबोला धरला. समोर बसलेल्या सुनेला काही सांगायचं तर मुलाकडे बघत म्हणत, "हिला सांग, पाणी दे." मुलगा बिचारा स्वतःच उठून पाणी द्यायचा.

सूनबाई मागे हटणारी नव्हती. अहवालाच्या शेवटी 'वापरात नाही' म्हणून एक मोठी यादी होती. जुने फॉर्म, अर्धवट टेबलं, आणि बऱ्याच क्वेऱ्या. निम्मा पसारा काढला तर निम्मंच लिहावं लागेल, असा तिने हिशोब केला. फाइलची एक प्रत बाजूला ठेवली, तेवढं शहाणपण तिला होतं, आणि यादीतलं सगळं उडवून टाकलं. मग सोमवारची यादी काढून पाहिली. निघाली. एकसुद्धा चूक दाखवली नाही. वर यादी चांगली आटोपशीर झाली म्हणून फोनवाली ताई खूश!

मधे काही आठवडे गेले. सूनबाई रोज थोडं थोडं लिहीत होती, आणि एका सकाळी नाकतोडा आली. नाकतोडा म्हणजे सात-आठ वर्षांची एक पोर. एका जागी टिकायची नाही, उड्या मारतच यायची, म्हणून मिस्त्रींनीच ठेवलेलं नाव. त्या दिवशी ती उड्या मारत नव्हती. आईचा हात धरून, खांदा एकीकडे टाकून आली.

"तुमचा फोन आला नाही," तिची आई म्हणाली. "म्हटलं, अजून वेळ असेल. तुम्ही विसरायचे नाहीत हो कधी."

मिस्त्रींनी पोरीला बाकावर बसवलं आणि बूट काढला. टाचेखाली पुठ्ठ्याच्या घड्या कोंबल्या होत्या. पोरीनेच कोंबल्या होत्या, उंची बरोबर करायला.

 सूनबाई धावतच कॉम्प्युटरपाशी गेली. यादीत नाकतोडा नव्हती. यादीत एकही पोर नव्हतं! मोठी माणसं तेवढी, रांगेत. जुनी प्रत उघडून तिने कोड ओळीओळीने वाचला, तेव्हा कुठे सापडलं. मिस्त्रींनी कोडात क्वेरीचं पूर्ण नाव कुठे लिहिलंच नव्हतं. पहिला अर्धा भाग कोडात, उरलेला समोरच्या माणसाच्या नोंदीतून उचलायचा, पोर असेल तर पोराचा, मोठा असेल तर मोठ्याचा, आणि दोन्ही जोडून ऐनवेळी हाक मारायची. घरात नाही का आपण "त्याला बोलव रे" म्हणतो आणि ज्याला यायचं तो बरोबर येतो? परक्याने ऐकलं तर म्हणेल, या घरात त्या नावाचं कुणी नाहीच. ॲड-इनने तेच म्हटलं होतं. मोठ्यांची क्वेरी एका फॉर्मलाही जोडलेली होती म्हणून वाचली, पोरांची गेली. आणि वर मिस्त्रींनीच एक ओळ घातली होती: चूक आली तर गुपचूप पुढे जा. फाइल गुपचूप पुढे गेली होती.

"बाबा, ही क्वेरी मी उडवली," तिने बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं.

"कुणाला विचारून?" मिस्त्री कडाडले. "त्या चोंबड्याला?"

"हो, त्यालाच! कारण तुम्ही कुठे काही लिहूनच ठेवलं नाहीत!"

"मला विचारायचं होतंस. मी काय मेलोय?"

"नाही. पण एक दिवस नसणार आहात." बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं, पण ती थांबली नाही. "मी आज चुकले, बाबा, माझीच चूक आहे ती. आज तुम्ही इथे होतात म्हणून बूट काढून पाहिलात. तुम्ही नसाल तेव्हा या पोरांचं काय करायचं ते सांगा."

 मिस्त्रींनी नाकतोडाचं माप घेतलं, नवा पाय कधी तयार होईल ते तिच्या आईला सांगितलं, हात धुतले. मग स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसले.

"लिही."

सूनबाईने आधी क्वेरी जागेवर ठेवली, राहून गेलेल्या पोरांची यादी काढून ताईच्या हातात दिली आणि मग लिहायला घेतलं. ॲड-इन एकेक वस्तू पुढे करायचं, मिस्त्री तिचं वर्णन सांगायचे. भट्टीची कथा सुरू झाली की सूनबाई म्हणायची, "बाबा, एका वाक्यात," आणि ते गुरगुरत एका वाक्यात सांगायचे. 'चूक आली तर गुपचूप पुढे जा' ही ओळ त्यांनी स्वतःच काढायला लावली. "बोंबलू दे की," म्हणाले, "चुकलं तर बोंबललंच पाहिजे." 'वापरात नाही'ची यादी पुन्हा निघाली तेव्हा तर त्यांनी आपल्या हाताने केलेला पहिला फॉर्म बघितला, जरा थांबले आणि म्हणाले, "हा खरंच नकोय. काढ."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. घसा बसला, चहा गार झाला, दोघांची चारदा जुंपली. पण रकाना भरत गेला आणि एका दुपारी ॲड-इनच्या अहवालात एकही कोरी जागा उरली नाही.

"आता परीक्षा," मिस्त्री म्हणाले. "मी नाही असं समज. मी इथे बसतो, पण तोंड उघडणार नाही. काढ यादी."

फोनवाल्या ताईने मुद्दाम अवघड केस शोधून दिली. दुसऱ्या गावाहून नाव आलेलं पोर, गुडघ्याच्या वर पाय कापलेला, उंचीची जुनी नोंदच नाही. सूनबाई अडली. फाइल पोर किती वाढलं ते मागच्या उंचीवरून मोजायची, आणि इथे मागची उंचीच नव्हती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. मिस्त्रींनी स्टुलाची कड घट्ट धरली होती, ओठ आवळले होते. सूनबाई अहवाल चाळत राहिली. पोरांच्या क्वेरीपुढच्या वर्णनात, मिस्त्रींच्याच शब्दांत, लिहिलेलं सापडलं: 'जुनी उंची नसेल तर वाट पाहू नये. पोराला लगेच बोलवावं.' तिने ते नाव यादीत सगळ्यात वर घातलं. ताईने लगेच फोन लावला.



"एकदाही विचारलं नाहीस," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, नाही असं समज."

"हो, म्हणालो खरा." त्यांनी चष्मा काढून धूळ पुसली. "पण मला वाटलं होतं गं, निदान एकदा तरी विचारशील."

सूनबाईने अहवालातली ती ओळ त्यांच्यापुढे धरली. "अडले होते, बाबा. तुम्ही लिहून ठेवलं होतं म्हणून सुटले."

मिस्त्रींनी मान हलवली. मग ते उठले, कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि स्वतःच कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"फाइल तयार आहे," ते म्हणाले. "घेऊन जा. आणि काही अडलं तर मला नको, आमच्या सूनबाईंना विचारा."